ड्रॉवरमधल्या सह्या

हिशेबनीस | सोमवार, रात्री ९.४०

माझं ऑफिस छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात. टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमध्ये एक स्टीलचा डबा आहे, मूळचा चकल्यांचा. त्यात अडतीस डोंगल आहेत. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कंपनीचे कागद सरकारकडे ऑनलाइन भरायचे तर डायरेक्टरची डिजिटल सही लागते, आणि ती पेनड्राइव्हएवढ्या डोंगलमध्ये असते. ज्याचं डोंगल त्याच्याकडेच हवं असा नियम आहे. प्रत्यक्षात ते सीएच्या ड्रॉवरमध्ये पडून असतं आणि पासवर्ड त्यालाच चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेला असतो. हे चूक आहे, मला माहीत आहे. शहरातल्या निम्म्या सीएंकडे असाच एखादा डबा निघेल.

अडतीसपैकी सतरा बायकांची. पुरुषांच्या पिशव्यांवर नावं आहेत. बायकांच्या पिशव्यांवर "अमुक इंजिनिअरिंग, मिसेस", "तमुक अ‍ॅग्रो, वहिनी". अक्षर असिस्टंटचं नाही, माझं आहे.

२०१८ साली सरकारने प्रत्येक डायरेक्टरचं केवायसी मागितलं. स्वतःचा मोबाइल, स्वतःचा ईमेल, दोन्हींवर ओटीपी. मुदत चुकली तर पाच हजार दंड. त्या सप्टेंबरात मी पहिल्यांदा या बायकांना थेट फोन केले. बहुतेकींचं पहिलं वाक्य एकच होतं: "ते घरी नाहीयेत." मी म्हणायचे, मला तुमच्याशीच बोलायचंय. पलीकडे थोडी शांतता, मग "माझ्याशी? कामून?" ईमेल तर जवळपास कुणाचाच नव्हता. आमच्या ऑफिसातल्या पोरांनी एका दुपारी अकरा काढून दिले.

हे सगळं आज लिहायचं कारण एक बाई. वाळूजला त्यांची प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्र्याचे पार्ट दाबून काढायचं वर्कशॉप, नवऱ्याने उभी केलेली. सहाएक महिन्यांपूर्वी त्या एकट्याच ऑफिसात आल्या. हातात वकिलाची नोटीस. कंपनीचा चेक बाउन्स झाला होता आणि मालवाल्याने सगळ्या डायरेक्टरांना नोटीस काढली होती, म्हणजे नवऱ्याला आणि यांना. पंधरा दिवसांत पैसे भरा. बाई रडल्या-बिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी अकरा वर्षं डायरेक्टर आहे म्हणे. मग अकरा वर्षं मी तिथं काय करायला पाहिजे होतं, ते सांगा."

सीए होऊन मला एकोणीस वर्षं झाली. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मग म्हणाल्या, "आणि माझं ते सहीचं यंत्र तुमच्याकडं आहे ना? द्या." मी दिलं. गॅसचं कार्ड आणि एसटीची सुटी तिकिटं असलेल्या पाकिटात त्यांनी ते ठेवलं, पट्टी फाडून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेल्या.

तुमच्या आसपास काय दिसतं? कागदावरची मालकीण आणि खरी मालकीण यांत फरक पडतोय का? पडत असेल तर कशाने?

वाळूजवाला | सोमवार, रात्री १०.१५

ताई, मी पण त्याच एमआयडीसीतला, आणि माझ्या बायकोचं डोंगल पण असंच कुठंतरी डब्यात आहे. खरं सांगतो. प्रायव्हेट लिमिटेडला कमीत कमी दोन डायरेक्टर लागतात. भाऊ घेतला तर उद्या वाटणी, मित्र घेतला तर परवा भांडण. बायको घेतली की झोप लागते. यात तिला फसवायचा हेतू नसतो हो. विश्वास आहे म्हणूनच घेतो.

गंजगोलाई | सोमवार, रात्री १०.३२

विश्वास तुमचा तिच्यावर. तिनं तुमच्यावर ठेवायला ताळेबंद बघितलाय का कधी?

वाळूजवाला | सोमवार, रात्री १०.३४

:-) उद्या बोलू.

उसाचं_चिपाड | सोमवार, रात्री ११.०५

आमच्याकडं (ता. धारूर) धंदा म्हटलं की ऊसतोडीची मुकादमी. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडते ती, मोळी बांधते ती, डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते ती. उचल (आगाऊ पैसे) मात्र नवऱ्याच्या हातात आणि सही-अंगठा त्याचाच. म्हणजे तुमच्या डब्याच्या बरोबर उलटं. तिकडं बाईचं नाव हाय अन् काम नाही, इकडं काम हाय अन् नाव नाही.

हिशेबनीस | सोमवार, रात्री ११.२०

"तिकडं काम नाही" हे मात्र खरं नाही. या वाळूजच्या बाई दर शनिवारी कामगारांचा पगार वाटत होत्या, कुणाची उचल किती आणि कुणाचा ओव्हरटाइम किती हे सगळं तोंडपाठ. त्याला काम म्हणायचं असतं हे फक्त कुणी सांगितलेलं नव्हतं.

गंजगोलाई | मंगळवार, दुपारी २.५०

माझी गोष्ट लिहिते. लांबेल.

लातूरला आमची दालमिल आहे. सासरे अडतीतून मिलमध्ये आले. मी बीएस्सी करून लग्न होऊन आले तेव्हा मिलच्या आवारातच घर होतं, त्यामुळे धंदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा. तूर आली की सासरे मुठीत घेऊन एक दाणा दाताखाली धरायचे. कट्ट असा कोरडा आवाज आला तर माल मिलला चालेल, दाणा दबला तर ओल आहे. मॉइश्चर मीटर घरात होतं, पण निर्णय दाताचा. मी ते बघून बघून शिकले. मला कुणी शिकवलं नाही आणि कुणी अडवलंही नाही, कारण मी शिकतेय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मार्केट यार्डात मात्र जायची पद्धत नव्हती. सौद्याला सगळे पुरुष. भाव निम्मा सौद्यात ठरतो आणि निम्मा अडतीच्या गादीवर चहा पिताना. गादीवर बाई बसत नाही. यात कायदा नाही, बंदी नाही, फक्त बसत नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सासऱ्यांना डॉक्टरांनी बाहेर पडू दिलं नाही. नवऱ्याला मिलमधून हलता येत नव्हतं, हमाल निम्मे गावी गेलेले. तेव्हा सौदे फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आले. मालाचा फोटो, भाव, "घेतला". व्हॉट्सअ‍ॅपला गादी नसते. पहिले तीन महिने मी सासऱ्यांच्या फोनवरून त्यांच्याच नावाने टाइप करत होते. हैदराबादच्या एका पार्टीने एकदा फोन केला, मी उचलला. "सेठजी को दीजिए." मी म्हटलं, तीन महिने ज्याच्याशी भाव करताय तो सेठ मीच. तो हसला, मग म्हणाला, "तो भाव दो रुपया कम करो, लेडीज से लिया तो." मी नाही केला. त्याने माल घेतलाच.

आता खरा मुद्दा.

२०१५ ला तूरडाळ किरकोळीत दोनशेच्या वर गेली होती आठवतं? त्या जोरावर सासऱ्यांनी पुढच्या वर्षी तूर भरून ठेवली. मग पीक इतकं आलं की तूर क्विंटलला ५०५० च्या हमीभावाच्याही खाली गेली. केवढं नुकसान झालं ते लिहीत नाही. घरात, बाजारात सगळे एकच म्हणाले, "मार्केट पडलं."

२०२४ च्या शेवटी मी तूर धरली. दहा हजारांच्या वरचा भाव बघितला होता, वाटलं थांबावं. आयात खुली होती, नवं पीक आलं, भाव कोसळला. माझं नुकसान सासऱ्यांच्या नुकसानीच्या पाव हिस्साही नव्हतं. या वेळी मार्केट पडलं असं एकानेही म्हटलं नाही. म्हणाले, "बाईच्या हातात दिलं की असं होतं."

पुरुषाचं नुकसान बाजारामुळे, बाईचं नुकसान बाईमुळे. मला पुढारपण वगैरे शब्द कळत नाहीत. मला चुकायची परवानगी हवी, सासऱ्यांना होती तेवढीच.

बालाघाट | मंगळवार, दुपारी ३.१०

हे शेवटचं वाक्य वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलेय. कापडाचं दुकान, अंबाजोगाई. बाकी नंतर लिहीन.

मोंढा_नाका | मंगळवार, सायंकाळी ५.२५

सगळं ठीक आहे, पण दोघंही धंद्यात उतरले तर घर कोण बघणार? हा प्रश्न कुणी विचारत नाही.

गंजगोलाई | मंगळवार, सायंकाळी ५.५८

सगळेच विचारतात, दादा. फक्त बाईला विचारतात. तरी उत्तर देते. माझं घर सासूबाई आणि भांड्याला येणाऱ्या मावशी बघतात. म्हणजे मी मिलमध्ये जाते ती दुसऱ्या दोन बायकांच्या कामावर उभी राहून. त्यातल्या एकीला पगार आहे, एकीला नाही. हे मला टोचतं. उत्तर सापडलं की कळवते.

जुना_दप्तरी | मंगळवार, रात्री ८.१५

मी बँकेतून निवृत्त. नांदेड, परभणी, जालना अशा शाखांमध्ये कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. दुसरी बाजू लिहितो.

बाईच्या नावावर धंदा दाखवायचं मोठं कारण म्हणजे योजनांची रचना. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात (२०१९ पासून) सर्वसाधारण अर्जदाराला शहरात १५ आणि गावात २५ टक्के अनुदान, महिलेला तेच २५ आणि ३५. स्वतःची गुंतवणूक इतरांना दहा टक्के, महिलेला पाच. २०१६ ची स्टँड अप इंडिया योजना (मार्च २०२५ पर्यंत होती) दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्जाची. प्रत्येक शाखेने निदान एका महिलेला द्यावं अशी अपेक्षा होती, आणि कंपनी असेल तर ५१ टक्के हिस्सा आणि ताबा तिचा लागायचा. साहजिकच मार्चमध्ये नवरे बायकांना घेऊन यायचे.

मुलाखतीत मी विचारायचो, ताई, कच्चा माल कुठून घेणार? उत्तर शेजारच्या खुर्चीतून यायचं. मग मी एक युक्ती काढली. म्हणायचो, साहेब, खाली कोपऱ्यावर चहा चांगला मिळतो, घेऊन या. तो गेला की बाईकडे बघायचो. काही जणी खरंच गप्प बसायच्या. पण काही जणी दार लागल्याबरोबर सुरू व्हायच्या. परभणीच्या एकीने मला पापडाच्या उडदाचा भाव, वीजबिलातला स्थिर आकार आणि नवऱ्याने प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये फुगवलेली मशीनची किंमत, तिन्ही पाच मिनिटांत सांगितलं. शेवटचं सांगताना दाराकडे बघत होती. तिला कर्ज दिलं, खऱ्या किमतीवर. खातं एकदाही थकलं नाही.

म्हणून अनुदानासाठी बाईला पुढे करतात यावर मी सरसकट नाक मुरडत नाही. काही वेळा तेच दार असतं. आत आल्यावर ती काय करते ते बघावं.

खरी अडचण तारणाची. बँक विचारते, नावावर काय आहे? महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. देशाचा कायदा २००५ चा. २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ ला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. आणि आपल्याकडे काय होतं? वडील गेले की तेराव्यानंतर भाऊ गाडी पाठवतो, बहीण तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्रावर सही करते, साडी घेऊन परत येते. मराठवाड्यातल्या बाईची सही आयुष्यात दोनदा लागते. माहेरी हक्क सोडायला आणि सासरी जबाबदारी घ्यायला. दोन्ही वेळा कागद दुसऱ्यानेच वाचलेला असतो.

हिशेबनीस | मंगळवार, रात्री ८.४०

काका, शेवटची दोन वाक्यं मी ऑफिसात प्रिंट काढून लावू का?

जुना_दप्तरी | मंगळवार, रात्री ८.५२

लावा. पण डब्याच्या झाकणावर.

पुण्यातला_परभणीकर | मंगळवार, रात्री ९.३०

मोठ्या कंपन्यांत वेगळं काही नव्हतं. कंपनी कायदा २०१३ ने लिस्टेड कंपन्यांना आणि शंभर कोटी भांडवल किंवा तीनशे कोटी उलाढालीच्या पब्लिक कंपन्यांना बोर्डावर निदान एक स्त्री सक्तीची केली. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने मुदत वाढवून १ एप्रिल २०१५ केली. तेव्हा किती प्रवर्तकांनी आपल्या बायको, बहीण, वहिनीला बोर्डावर बसवलं ते वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. तुमचा चकल्यांचा डबा, फक्त चांदीचा. शेवटी सेबीला "स्वतंत्र" स्त्री डायरेक्टर हवी असं लिहावं लागलं. आधी सगळ्यात मोठ्या पाचशे लिस्टेड कंपन्यांना २०१९ पासून, मग पहिल्या हजारांना २०२० पासून.

पण घरातली आहे म्हणून नुसती शोभेची, असंही नसतं. पुण्याच्या थरमॅक्स कंपनीच्या अनु आगा बघा. १९९६ ला पती गेले आणि त्या अध्यक्ष झाल्या. पुढे कंपनी तोट्यात गेल्यावर त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, बोर्ड नव्याने बांधलं आणि २००४ ला स्वतः बाजूला झाल्या. खुर्ची वारशाने आली, निर्णय वारशाने आले नाहीत.

शिफ्ट_तिसरी | मंगळवार, रात्री ११.४५

मी शेंद्रा एमआयडीसीतल्या एका प्लांटमध्ये प्रॉडक्शनला आहे. बोर्डरूमपर्यंत गेलात, आता जरा शॉपफ्लोरवर या.

फॅक्टरीज अ‍ॅक्ट १९४८ मध्ये बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात काम करायला मनाई होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये अटी घालून ती उठवली. आता यात पुढारपण कुठे आलं? इथे: प्लांट हेड व्हायचं तर तिन्ही शिफ्ट चालवलेल्या असाव्या लागतात. रात्री डाय (साचा) तुटली, लाइन बंद पडली, मेंटेनन्सवाला फोन उचलत नाही, तेव्हा तुम्ही काय केलंत यावर माणूस पारखला जातो. ज्या बायकांना रात्रपाळीच नव्हती त्या क्वालिटीत, स्टोअरमध्ये, एचआरमध्ये गेल्या. मग बैठकीत म्हणायचं, लायक बाई मिळत नाही. कशी मिळेल? शिडीची मधली पायरीच काढली होती.

मी आमच्याकडची रात्रपाळी सांभाळणारी पहिली बाई. पहिल्या रात्री सगळ्यात मोठा प्रश्न उत्पादनाचा नव्हता. लेडीज टॉयलेट ऑफिस ब्लॉकमध्ये होतं आणि ऑफिस ब्लॉकला सहा वाजता कुलूप लागायचं. किल्ली सिक्युरिटीकडे, सिक्युरिटी गेटवर, गेट चारशे पावलांवर. तीन आठवडे मी पाणी कमी प्यायले. मग चौथ्या आठवड्यात मी किल्लीची दुसरी प्रत काढून आणली आणि पावती खर्चात लावली. बिल मंजूर झालं, शेऱ्यात लिहिलं होतं "टूल्स".

तेरणाकाठ | बुधवार, सकाळी ७.३०

लोहारा तालुक्यातला आहे मी. तुम्ही सगळे कंपनीचं बोलताय, मी किल्लारीच्या भूकंपाचं बोलतो. संबंध आहे, थांबा.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बुडवून लोकं नुकती झोपली होती. मी नऊ वर्षांचा. पुढचं लिहीत नाही, आपल्याकडं ते ज्याला त्याला माहीत आहे. घरं पुन्हा उभी करायचा, दुरुस्तीचा कार्यक्रम आला, जागतिक बँकेचा पैसा होता. त्यात गावोगाव "संवाद सहायक" म्हणून बायका नेमल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं, प्रेमा गोपालन यांचं ते काम. सरकार आणि गाव यांच्या मधला दुवा म्हणजे ही बाई. माझी मावशी झाली होती. सातवी पास.

तिचं काम काय, तर घराच्या दुरुस्तीचा हप्ता आला का, सिमेंट किती लागतं, भिंतीला आधार कुठं द्यायचा, हे घरोघर सांगायचं. मावशीकडं एक घमेलं होतं, त्याच्यावर खिळ्यानं खूण केलेली. सिमेंटचं एक, वाळूची इतकी. गवंडी वाळू जास्त घालायला लागला की मावशी घमेलं घेऊन हजर. गवंडी म्हणायचे, आली घमेलेवाली. पुरुष माणसाला मोजमाप शिकवते म्हणून आजोबा चिडायचे, पण आमच्या स्वतःच्या घराचा गिलावा तिनं उभं राहून करून घेतला तेव्हा गप्प बसले.

नंतर त्याच बायकांचे बचत गट झाले. मावशीच्या गटानं आधी पिठाची गिरणी घातली, मग हरभऱ्याची डाळ. गिरणीचं मीटर मावशीच्या नावावर. आज बहात्तर वय आहे, दर महिन्याला वीजबिल आलं की स्वतः वाचते. त्या परभणीच्या बाईनं स्थिर आकार सांगितला ना, मावशीला पण पाठ आहे :-)

माझं म्हणणं एवढंच. आमच्या भागात बायकांच्या हातात कारभार आला तेव्हा कुणी तो वाटला नव्हता. घरं पडली होती, पुरुष सुन्न बसले होते, कुणीतरी मोजायला पाहिजे होतं.

बालाघाट | बुधवार, दुपारी १२.२०

सरपंचकीचं पण तेच झालं की. आधी तेहतीस टक्के, मग २०११ पासून महाराष्ट्रात पन्नास टक्के आरक्षण. सुरुवातीला खुर्चीत बाई आणि शेजारी "सरपंचपती". आमच्या गावचे सरपंचपती तर शिक्का खिशात घेऊन फिरायचे, लग्नपत्रिकेत स्वतःच्या नावापुढे सरपंच छापायचे. पुढच्या खेपेला वेगळी बाई आली, तिनं शिक्का ब्लाउजच्या कप्प्यात ठेवला. विषय संपला.

ताई, तुमचं डोंगल म्हणजे तो शिक्काच. (माझी गोष्ट अजून लिहायची आहे. गिऱ्हाईक आलं.)

मोंढा_नाका | बुधवार, दुपारी १.०५

एक प्रामाणिक शंका. त्या वाळूजच्या बाईंनी चेकवर सहीच केली नव्हती, तर नोटीस त्यांना कशी लागू होते?

हिशेबनीस | बुधवार, रात्री १०.१०

मोंढा_नाका, चांगला प्रश्न. आणि उत्तर वाचून कुणाला आनंद होणार नाही.

चेक कंपनीचा असेल तर, जो त्या वेळी कंपनीचा कारभार प्रत्यक्ष बघत होता तो जबाबदार. नुसतं डायरेक्टर असणं पुरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००५ सालीच स्पष्ट केलंय. चेकवर सही करणारा आणि मॅनेजिंग डायरेक्टर मात्र सहसा सुटत नाहीत. म्हणजे बाई सुटू शकते. पण तिला सोडवायला तिचा वकील कोर्टात काय सांगणार? "ही कंपनीत कुणीच नाही. हिला काही कळत नाही, ही काही बघत नाही." अकरा वर्षं डायरेक्टर असलेल्या बाईचा सगळ्यात भक्कम बचाव हा की ती डायरेक्टर नव्हतीच.

बाईंना मी हे सांगितलं. म्हणाल्या, "असं कोर्टात लिहून द्यायचं? मग पोरांना काय सांगू?" पैसे मुदतीत भरले, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं. पण ते वाक्य त्यांना लागलं.

दुसरं उदाहरण, माझ्याच एका क्लायंटचं. हुशार मुलगी, फूड टेक्नॉलॉजी झालेली, स्वतःची कंपनी काढायला आली. नाव टाकलं तर अपात्र. लग्नानंतर दिराने एक कंपनी काढली होती, हिला डायरेक्टर केलं, कंपनी चाललीच नाही, तीन वर्षं कागद भरले नाहीत. २०१७ च्या सप्टेंबरात सरकारने असे तीन लाखांहून जास्त डायरेक्टर अपात्र ठरवले, त्यात ही. पाच वर्षं. तिला त्या कंपनीचं नावही नीट आठवत नव्हतं. शेवटी एकटीच्या मालकीची फर्म काढून सुरू केलं, पण पाच वर्षं कुणी भागीदार-भांडवल घेऊन आला तरी कंपनी करता आली नाही. सही फुकट दिली, किंमत तिनं मोजली.

आता वाळूजच्या बाईंचं पुढे काय झालं ते.

त्या दर गुरुवारी चार ते सहा ऑफिसात यायला लागल्या, मागच्या पाच वर्षांचे ताळेबंद वाचायला. मला वाटलं दोन गुरुवारांत कंटाळतील. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "हे स्क्रॅपचं उत्पन्न एवढंच कसं?" मी म्हटलं, तुम्हाला किती वाटतं? त्यांनी वहीतून वाचलं. महिन्याला पत्र्याची कॉइल (गुंडाळी) किती टन येते ते त्यांना माहीत होतं, कारण ट्रक आला की चहा घरून जायचा. पार्ट किती जातात ते डिलिव्हरी चलनावर. एका पार्टचं वजन त्यांनी किचनच्या काट्यावर करून आणलं होतं. कॉइलचं वजन वजा पार्टचं वजन म्हणजे स्क्रॅप. चौथीची वजाबाकी. ती आजवर कुणी केली नव्हती. नवऱ्याने नाही, सुपरवायझरने नाही, आणि ऑडिटर म्हणून सही करणाऱ्या मीही नाही. कागदावर दिसत होतं त्याच्या दीडपट स्क्रॅप निघायला हवं होतं.

बाकीचं कुठं जात होतं ते इथे लिहीत नाही. आता तिथला काटा वेगळा आहे आणि पावतीवर सही त्यांची आहे.

मग वसुली. एक गिऱ्हाईक शंभर-शंभर दिवस पैसे लटकवायचं. छोट्या उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे हा कायदा २००६ पासून आहे, पण मोठ्या पार्टीला कोण ऐकवणार? १ एप्रिल २०२४ पासून आयकरात नवी तरतूद लागू झाली. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. बाईंनी उद्यम नोंदणीची, म्हणजे आपण सूक्ष्म-लघु उद्योग असल्याच्या सरकारी दाखल्याची, प्रत प्रत्येक इन्व्हॉइसला टाचायला सुरुवात केली. काही बोलल्या नाहीत, नुसती टाचली. त्या पार्टीच्या अकाउंट्सवाल्याचा फोन आला, "मॅडम, हे काय?" म्हणाल्या, "तुमच्या सीएला दाखवा." नवऱ्याला हे जमलं नसतं असं नाही. पण तो त्या पार्टीच्या परचेस मॅनेजरबरोबर वर्षानुवर्षं बसतो-उठतो, त्याला संकोच. बाईंना तिथे कुणी कधी बसवलंच नव्हतं, म्हणून त्यांना संकोच नव्हता.

आणि नाही, सगळं गोड नाही. नवरा आता माझ्याशी कमी बोलतो. मागच्या आठवड्यात म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्या घरात ऑडिट घुसवलं." मला उत्तर सुचलं नाही.

गंजगोलाई | बुधवार, रात्री १०.४०

किचनचा काटा!!

शिफ्ट_तिसरी | बुधवार, रात्री १०.४४

चेष्टा नाही. आमच्याकडे याला "यील्ड मॉनिटरिंग" म्हणतात आणि शिकवायला पुण्याहून माणूस येतो.

बालाघाट | गुरुवार, सकाळी ९.१५

दुकान उघडायच्या आधी लिहून टाकते, नाहीतर राहील.

नवरा शिक्षक, दुकान माझं. जागा सासऱ्यांची, धंदा मी पंधरा वर्षांपूर्वी सुरू केला. जीएसटी नोंदणी माझ्या नावावर. तरी सुरतेचा एजंट दर दिवाळीला मिठाईचा डबा पाठवतो त्यावर नवऱ्याचं नाव. पाच वर्षं मी त्याला सांगत होते. गेल्या दिवाळीला डबा आला तसाच परत पाठवला, वर चिठ्ठी: "या नावाचा कुणी व्यापारी इथे नाही." दोन दिवसांनी नवा डबा आला, माझ्या नावाचा. नवरा म्हणाला, अगं निदान मिठाई तरी ठेवायची होतीस. काजूकतली होती.

मोंढा_नाका | गुरुवार, सकाळी ११.००

घर कोण बघणार हे मी परवा विचारलं होतं. काल आईला विचारलं की आबांच्या अडतीचा हिशेब कोण लिहायचं. म्हणाली, "मीच की. त्यांचं अक्षर कुणाला लागायचं का?" मी त्रेपन्न वर्षांचा आहे, मला हे माहीत नव्हतं. बाकी मत अजून बदललेलं नाही, पण हे नोंदवतो.

वाळूजवाला | शुक्रवार, रात्री ९.३५

"उद्या बोलू" म्हणालो होतो, चार दिवस लागले.

काल आमच्या सीएकडून बायकोचं डोंगल आणलं. घरी येऊन दिलं, म्हटलं, हे तुझं. तिनं उलटंपालटं करून बघितलं, म्हणाली, याचं मी काय करू? मी जरा ऐटीत लॅपटॉपवर ताळेबंद उघडून दिला आणि जेवायला बसलो.

वरण संपायच्या आत प्रश्न आला. "हे लोन्स अँड अ‍ॅडव्हान्सेसमध्ये भाऊजींचं नाव का आहे?"

भावाला प्लॉटसाठी दिले होते. तीन वर्षं झाली. तिला सांगितलेलं नव्हतं. सांगायला पाहिजे असं तेव्हा वाटलंही नव्हतं, धंद्याचा पैसा होता ना. तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही, नुसता भात वाढला. ते जास्त अवघड गेलं.

आज सकाळी म्हणाली, मला भाऊजींचं पूर्ण खातं बघायचंय. सीएला फोन केला. तो म्हणाला, पाठवतो, तुमच्याच ईमेलवर ना?

हिशेबनीस | शुक्रवार, रात्री ९.५०

वाळूजवाले, रक्कम इथे लिहू नका. आणि कंपनीतून डायरेक्टरच्या भावाला दिलेलं कर्ज म्हणजे कंपनी कायद्याचं कलम १८५, त्यात अशा कर्जाला मनाई आहे. प्रायव्हेट कंपनीला काही अटींवर सूट असते, तुम्ही त्यात बसता का ते तुमच्या सीएला सोमवारीच विचारा.

ईमेल कुठल्या पत्त्यावर पाठवायला सांगितलंत?

वाळूजवाला | शुक्रवार, रात्री ९.५८

तिच्या. केवायसीच्या वेळी काढला होता तो. पासवर्ड कुणालाच आठवत नाही, आता ती आणि पोरगा मिळून नवा बनवतायत. मला दुसऱ्या खोलीत बसायला सांगितलंय.